अर्धी दाढी आणि दोन दाढा

‘डाव्या गालातील वेदनेचे मूळ किडलेल्या दाढांत होते, त्या काढल्यावर वेदना समूळ नाहीशी झाली आहे.’ आमच्या नंदनवन वस्तीतले दंतवैद्य चंपतराव वैरागडे यांनी माझ्या रजेसाठी दिलेला हा दाखला. वाचकहो, मी तर्कशास्त्र शिकवतो. या दाढांनी आदल्याच आठवड्यात सुपारी फोडली होती, म्हणजे ‘किडलेल्या’ निराधार. दोन्ही गेल्यावरही वीज पूर्वीच्याच जागी कोसळत राहिली, म्हणजे ‘समूळ’ केवळ दाढांपुरते खरे!

दाढ ठणकते, हे ठणकत नव्हते. घास, शब्द, कूलरची झुळूक, काहीही निमित्त पुरे. तापलेली तार ओढावी तशी कळ जबड्यातून सणकून जाई आणि क्षणात विरे. एप्रिलच्या उन्हात आमचा कूलर बंद. पत्नी अरुंधती घामाने निथळत माझ्याकडे असे पाही, की गाल परवडला. डाव्या गालाला वस्तरा सोसेना, म्हणून मी उजवीच दाढी करू लागलो.

कॉलेजात हा प्राचार्यांचा निषेध ठरला. दुसऱ्या दिवशी चार विद्यार्थी पाठिंब्यादाखल अर्धी दाढी करून आले. प्राचार्य गणपतरावांनी जाब विचारला. उत्तरासाठी तोंड उघडताच कळ आली आणि मी गाल धरून रडू लागलो. त्यांनी मला तातडीने डोक्याच्या डॉक्टरकडे धाडले. मी आनंदाने गेलो. सोमवारी वैरागड्यांकडे तिसरी दाढ निघणार होती. त्यापेक्षा वेडा ठरणे बरे.

डॉक्टर पुष्पलताबाईंनी दाढांची हकीकत ऐकली, पण तपासायला माझे तोंड उघडायलाही लावले नाही. नुसती दाढी पाहिली.

“इकडे पाणीही लागू देत नसाल ना?” असे म्हणत त्यांनी नाकाशेजारी कापूस टेकवला. मी खुर्चीसकट मागे सरकलो.

“दाढ नाही, सर. चेहऱ्याची नस आहे. तिसरी दाढ वाचली समजा.”

नस शांत करायला त्यांनी फिट्सवरच्या गोळ्या दिल्या. आठवडाभरात मी कूलरसमोर बसून, डाव्या बाजूने (जेवढी उरली होती तेवढ्या बाजूने) भाकर चावली. अरुंधतीने कूलर माझ्याकडून स्वतःकडे वळवला. संसार पूर्वपदावर आला.

मग दोन्ही गाल गुळगुळीत करून मी वैरागड्यांकडे खुलासा मागायला गेलो. त्यांनी दिलेला खुलासा अक्षरशः उद्धृत करतो:

“पहिली चांगली होती हे मले काढल्यावर दिसलं, सर. पण दुसरी काढली नसती, तर पहिली काहून काढली, असं तुम्ही विचारलं असतं ना!”