राखणीला दिलेले साडेदहा लोंगर

बाळूकाका दर शनिवारी सकाळी केळ्यांच्या वखारीत जात, आढ्याला टांगलेल्या मोठ्या काट्याच्या एका पारड्यात मांडी घालून बसत आणि दुसऱ्या पारड्यात लोंगर चढवायला सांगत. केळीच्या अख्ख्या घडाला आमच्या वसईकडे लोंगर म्हणतात. पारडी समतोल झाली, की काका वरूनच जाहीर करीत, "साडेदहा. मागच्या शनिवारइतकेच. उतरवा आता." उतरवायला दोन माणसे लागत.

मी तेव्हा मुंबईला शरीरक्रियाशास्त्र घेऊन एम. एस्सी. करीत होते आणि ज्या मापाला प्रमाण नाही त्याला माप म्हणणे मला मान्य नव्हते. एक लोंगर दुसऱ्यासारखा कधीच नसतो, हे मी काकांना सोदाहरण पटवून दिले. त्यांनी ते गंभीरपणे ऐकले आणि पुढच्या शनिवारी लोंगराचे वजन कायमचे ठरवून टाकले : अठ्ठावीस रत्तल. त्यानंतर पारड्यात लोखंडी वजने पडू लागली, पण घोषणा लोंगरांतच राहिली. लवकरच दशमान वजने येणार असल्याची बातमी मी त्यांना वाचून दाखवली, तेव्हा ते म्हणाले, "येऊ देत. सरकारला केळी काढायची नसतात, पोरी."

काका माझ्या वडिलांचे थोरले चुलतभाऊ. सांडोरला आमच्या वाड्या एकमेकींना लागून होत्या. मध्ये कुंपण होते ते केवळ शेवग्याचे, त्यामुळे त्यांच्या घरातले बोलणे आमच्या ओटीवर स्पष्ट ऐकू येई, आणि काकांचे बहुतेक बोलणे त्यांच्या देहाविषयीच असे. कोणी त्यांच्या पोटाकडे जरा रोखून पाहिले, की ते पोटावर हात ठेवून सांगत, "हे माझं नव्हे. माझ्याकडे राखणीला दिलंय." कोणी दिले, हे विचारल्यास, "ज्याचं त्याला ठाऊक," एवढेच. सगळे हसत. मीही हसत असे.

अनोळखी खुर्चीवर ते थेट बसत नसत. आधी हातातली काठी तिच्यावर आडवी ठेवत, मग टोपी, मग उजवा हात. आणि खुर्चीने कुरकुर केलीच, तर तिची क्षमा मागून जमिनीवर बसत. दुपारच्या जेवणानंतर शतपावली घालावी, असे वसईच्या डॉक्टरांनी त्यांना बजावले होते. ही शतपावली ते छकड्यातून करीत. रोज साडेबाराला बैल जुंपला जाई, काका मागे रेलून बसत आणि दोनेक तासांनी घामाघूम होऊन परत येत. काकू विचारीत, "चालला तो बैल, घाम तुम्हांला कसा?" काका म्हणत, "संगतीचा परिणाम."

त्या वर्षी पावसाळा सरला आणि काकांचे गुडघे अडून बसले. ओटीच्या तीन पायऱ्या चढताना ते दुसरीवर थांबून, हवा पाहत असल्यासारखे, श्वास घेऊ लागले. डॉक्टरांनी छातीला नळी लावली आणि बाहेर येऊन माझ्या वडिलांना सांगितले, की एवढे ओझे हे हृदय आणखी फार वर्षे ओढणार नाही.

इथे माझा प्रवेश झाला. आमच्या विभागाला जोडलेल्या रुग्णालयात एक शल्यचिकित्सक नुकतेच परदेशाहून शिकून आले होते. अतिस्थूल माणसाच्या लहान आतड्याचा बराचसा भाग वाटेतून वगळायचा, वरचे टोक पुढच्या भागाला जोडायचे, म्हणजे अन्न आखूड वाटेने जाते आणि पुरते शोषले न गेल्यामुळे वजन उतरते, अशी एक शस्त्रक्रिया तिकडे नुकती सुरू झाली होती. ती इथे करून पाहण्यासाठी त्यांना योग्य रुग्ण हवा होता. रुग्ण मी आणला, तर नंतरची सगळी निरीक्षणे मी ठेवावीत आणि शोधनिबंधावर माझेही नाव असावे, असे त्यांनी स्वतःहून सुचवले. मी काकांच्या जिवासाठी हा खटाटोप करीत होते, हे खरेच आहे. केवळ त्यासाठी करीत होते, असे मात्र मी लिहिणार नाही.

मी पाटीवर आतडे काढून काकांना सर्व समजावले. मग ते मला उठवून वाडीत घेऊन गेले, रहाटापासून निघालेल्या पाण्याच्या पाटाशी उभे राहिले आणि काठीने दाखवत म्हणाले, "हा पाट बघ. विहिरीपासून त्या कोपऱ्यापर्यंत सगळ्या केळींवरून फिरून जातो. मी तो इथेच कापला आणि सरळ ओहोळात सोडला, तर पाणी लवकर जाईल. पण कोपऱ्यातली केळ काय पिईल?"

मी म्हणाले, की कोपऱ्यातली केळ वाळावी हाच तर हेतू आहे.

"मग तुझा डॉक्टर माळी नव्हे," काका म्हणाले.

तरीही ते मुंबईला आले. टॅक्सीत त्यांना बसवणे हा एक स्वतंत्र प्रयोग होता, त्याचे निष्कर्ष मी इथे देत नाही. डॉक्टरांसमोरच्या खुर्चीवर काठी, टोपी, हात असे सर्व सोपस्कार झाले आणि ती टिकली. डॉक्टरांनी फायदे सांगितले, धोकेही लपवले नाहीत. शेवटी, काही विचारायचे आहे का, असे त्यांनी म्हटल्यावर काकांनी घसा साफ केला.

"ऑपरेशननंतर दुपारी दोनदा जेवता येईल का?"

डॉक्टर हसले. म्हणाले, "एकदाच, आणि तेही बेताने. तेलातिखटाचं, मासळीचं तर नावही काढायचं नाही. पोट लगेच बिघडेल."

"रोज नाही तर नाही. आड दिवसाने?"

माझे कान तापले. माणसाच्या जिवाची गोष्ट चालली असताना याला दुसरे जेवण सुचावे! परतीच्या वाटेवर मी तसे बोलूनही दाखवले. काका म्हणाले, "त्यांना दिवाळीनंतर सांगतो म्हटलंय ना. जरा विचार करू दे."

डॉक्टरांनी मला एक काम दिले होते : रुग्णाचे वजन कोणत्या वर्षी किती होते, ते जमेल तेवढे मिळवायचे. मला वाटले, ही माहिती कुठून मिळणार? पण काकांनी माळ्यावरून चौदा पंचांगे काढून दिली. प्रत्येक शनिवारच्या समासात पेन्सिलीने लोंगर लिहिलेले होते आणि त्यांखाली, वखारीत विकताना तोललेले, त्यांचे रत्तल. एकही शनिवार चुकला नव्हता. मी आलेखाचा कागद घेतला आणि दिवाळीच्या सुट्टीतले चार दिवस बिंदू मांडत बसले.

पहिली दोन वर्षे रेघ आठ लोंगरांवर सपाट होती. मग युद्धाच्या शेवटच्या वर्षी ती वर वळली आणि चढतच गेली. पण ती सरळ चढत नव्हती. दर वर्षी थंडी ओसरताना सुमारे चाळीस दिवस ती खाली येई, कधी पाव, कधी अर्धा लोंगर, आणि पुन्हा उसळे. उन्हाळा म्हणावे, तर खरा उन्हाळा लागताच वजन वाढत होते. उपासतापास म्हणावेत, तर श्रावणात, म्हणजे काकू घरात मासळी शिजू देत नसत आणि काका चारी सोमवार धरत तेव्हा, रेघ जागची हलतही नव्हती. त्यातून ही उतरण कुठल्याही एका तारखेला सुरू होत नव्हती. एका वर्षी फेब्रुवारीच्या मध्यात, एका वर्षी मार्चात. इंग्रजी महिन्याला ती जुमानत नव्हती आणि आमच्या तिथीलाही नाही.

चौथ्या दिवशी संध्याकाळी चर्चची घंटा वाजली आणि मी पेन्सिल खाली ठेवली. शेजारच्या वाडीत ख्रिस्ती कुटुंब होते, त्यांच्याकडून चर्चची जुनी कॅलेंडरे मागून आणली. राखेचा बुधवार आणि ईस्टर यांच्या तारखा काढून आलेखावर उभ्या रेघा मारल्या. प्रत्येक उतरण राखेच्या बुधवारी सुरू होत होती आणि ईस्टरला संपत होती. एकाही वर्षी चूक नव्हती.

आमचे काका, ज्यांच्या देवघरात तीन पिढ्यांचे गणपती, ते अकरा-बारा वर्षे ख्रिस्ती लोकांच्या उपासकाळात बारीक होत होते.

मी तो कागद घेऊन ओटीवर गेले. काकू आत होत्या. काकांनी आलेख उलटसुलट करून पाहिला, उभ्या रेघांवर बोट फिरवले आणि हळूच म्हणाले, "हे तुझ्या शास्त्रात दिसतं?"

मी म्हटले, दिसते.

"काकूला दिसेल?"

"तिला आलेख वाचता येत नाही."

"देवाची कृपा," ते म्हणाले आणि कागद माझ्याकडे परत दिला. "उद्या शतपावलीला चल माझ्यासोबत."

दुसऱ्या दिवशी घरी व्यवस्थित जेवून काका छकड्यात बसले. बैलाला वाट सांगावी लागली नाही. किल्ल्याच्या बाजूने तो थेट पाचूबंदरला गेला आणि कोळीवाड्याच्या टोकाला, जाळी वाळत घातलेल्या एका अंगणात आपणच थांबला. वाटेत काकांनी मला जे सांगितले ते थोडक्यात असे.

इनास त्यांच्या शाळेतला सोबती. दोघे एका बाकावर बसत. युद्धाच्या काळात मोठ्या बोटींवर माणसे हवी होती आणि इनासला जायचे होते, पण त्याला इंग्रजी अर्ज लिहिता येत नव्हता. तो काकांनी लिहून दिला. "अक्षर चांगलं होतं माझं. लगेच बोलावणं आलं," काका म्हणाले. बोट परत आली नाही. तिच्याबद्दल काही नक्की कळलेही नाही. इनासची आई, रोजाबाय, एकटी राहिली. ती रोज दुपारी मुलाचे ताट वाढून ठेवी आणि मुलगा जेवल्याशिवाय घरच्या बाईने जेवायचे नाही, हा जन्माचा नेम, म्हणून स्वतः उपाशी बसे. शेजारणींनी सांगून पाहिले, पाद्रींनी समजावले. एकदा काका भेटायला गेले असता त्यांच्या ते लक्षात आले. ते ताटावर बसले आणि जेवले. मग म्हातारी जेवली. दुसऱ्या दिवशी पुन्हा जावे लागले. उपासकाळात मात्र म्हातारी दुपारी चूलच पेटवत नसे, संध्याकाळी देवळातून आल्यावर काही खाई, तेव्हा काकांना सुट्टी मिळे.

आमच्या घरात त्या काळी ख्रिस्ती घरचे पाणीही प्यायले जात नसे, हे सांगायला हवे. काकूंना ते कळले असते, तर त्यांनी काकांचे ताट कायमचे वेगळे केले असते.

"आता कळलं मी डॉक्टरला काय विचारलं ते?" काका म्हणाले. "कापून घेतलं तर मी जगेन, पण ती दुपारी जेवणार नाही. नाही कापलं, आणि मीच आधी गेलो, तरी ती जेवणार नाही. तू शिकलेली आहेस. सांग, यातलं कोणतं?"

मी प्रश्न उलटा मांडून पाहिला, तरी तो तसाच राहिला. परीक्षेत असे माझे कधी झाले नव्हते.

रोजाबाय दारातच बसली होती. पंचाहत्तरीची, वाळक्या बोंबलासारखी, डोळ्यांत पूर्ण फूल पडलेले. छकड्याची चाके ऐकून ती म्हणाली, "आला का रे इनास? जेवन निवलं." काकांनी माझ्याकडे पाहिले नाही. गेली दोन वर्षे ती त्यांना याच नावाने हाक मारते आणि ते ओ देतात, हे त्यांनी मला वाटेत सांगितले नव्हते.

पाटावर ताट मांडलेले होते. भाताचा ढीग, बोंबलाचे कालवण, तांदळाच्या दोन भाकऱ्या. सुमारे तासापूर्वी घरी भरपेट जेवलेले काका पाय पसरून, धापा टाकत खाली बसले आणि पहिला घास घेतला. त्यांच्या कपाळावर लगेच घाम आला. ते सावकाश, शिस्तीने, एकेक घास करून खात होते. चवीने खाणारा माणूस असा खात नाही.

म्हातारीने माझ्या पावलांची चाहूल घेतली.

"ही कोन रे, इनास, तुज्यासंगं?"

काकांच्या तोंडात घास होता. ते थांबले. मी पुराव्यावाचून विधान करू नये, असे शिकले आहे.

"पुतणी," मी म्हणाले.

"मंग उभी कशाला? पुतनी काय उपाशी ऱ्हाते?" ती भिंत धरून उठली, फळीवरून दुसरे ताट चाचपून काढले, काकांच्या पुढ्यात बसली आणि त्यांच्या ताटातला भात हाताने अंदाज घेत अर्धा केला. "लेकरं येनार ते आदी सांगावं, इनास. आज आहे त्यातच वाटून घ्या." अर्धा भात, अर्धे कालवण आणि एक भाकरी माझ्या ताटात आली.

मी घरी जेवूनच आले होते. मी मांडी घातली आणि जेवू लागले. काकांनी स्वतःच्या ताटातला मोठा बोंबील उचलून गुपचूप माझ्या ताटात टाकला. दोन्ही ताटे स्वच्छ झाल्यावर म्हातारीने तळाचा भात स्वतःला वाढून घेतला.

त्या रात्री मी डॉक्टरांना लिहिले, की रुग्णाला आणखी अवधी हवा आहे. तो अवधी अजून चालू आहे. निबंध त्यांनी दुसऱ्या रुग्णावर लिहिला. त्यावर माझे नाव नाही. शनिवारी-रविवारी मी सांडोरला असते आणि दुपारी शतपावलीला जाते. म्हातारी त्या दिवशी भात जास्त टाकू पाहते, पण तिचे भात शिजवायचे टोपले लहान आहे.

पंचांगात आता शनिवारपुढे दोन आकडे असतात. वरचा काकांचा, सव्वादहा. खालचा माझा. तो पूर्वी चार होता, आता सव्वाचार आहे, आणि परवा वखारीतल्या माणसाने त्याबद्दल काही विचारले, तेव्हा पारड्यात बसल्या बसल्या मीच त्याला सांगितले, की हे माझे नव्हे, माझ्याकडे राखणीला दिले आहे.