शिडीवरचं बिऱ्हाड

सोमवारी सकाळी पेंटरकाका शिडी चढले तेव्हा त्यांच्या मनात एवढंच होतं, की शनिवारपर्यंत स्वतःच्या घराची दर्शनी भिंत पुरी करायची आणि रविवारी पाहुण्यांना ताठ मानेनं 'या' म्हणायचं. वरून दुसऱ्या पायरीवर पोचल्यावर त्यांनी आकड्याला टांगलेल्या डब्यातला ब्रश काढायला हात घातला, आणि आतून काहीतरी फुर्रकन त्यांच्या कानाला वारा घालून उडालं. काका शिडीला बिलगले. मग त्यांनी डब्यात डोकावून पाहिलं. ब्रश होता, पण तळाशी. त्याच्या केसांवर गवताच्या काड्यांची सुबक वाटी विणलेली होती, काठाला निळ्या लोकरीचा एक धागा गुंफला होता आणि वाटीत तीन अंडी होती, प्रत्येकी करंगळीच्या पेराएवढी.

काकांनी तीस वर्षांत गावातलं जवळजवळ प्रत्येक घर रंगवलं होतं. राहिलं होतं ते एकच. गेली अकरा वर्षं काकू त्यांना म्हणत होत्या, की आपल्या घराला रंग द्या, आणि काका म्हणत होते, देतो. यात खोटं काही नव्हतं. ते रंग देतच होते, फक्त लोकांच्या घरांना. या वर्षी मात्र लेकीनं लग्न ठरवलं, आणि होणारे सासू-सासरे रविवारी पहिल्यांदाच घर बघायला येणार असं फोनवर कळवलं. सासूबाई टापटिपीच्या भारी भोक्त्या आहेत, हेही तिनं दोनदा सांगितलं. तेव्हा कुठे काकांनी शिडी बाहेर काढली. दोन दिवसांत भिंतीचा डावा अर्धा भाग लोण्यासारखा पिवळा करून टाकला, शिडी उजवीकडे, बरोबर पुढच्या दारावर आणून लावली, वर डबा टांगला, आणि पाऊस आला. थंडी जाताजाता येतो तसला गार, चिवट पाऊस. तो आठवडाभर पडला. तेवढ्यात दातांच्या डॉक्टरांनी दवाखान्याची आतली खोली रंगवायला बोलावलं म्हणून काका तिकडे गेले. रिकामी जागा बघून पाखरानं इकडे बिऱ्हाड थाटलं.

काकू मागच्या अंगणात वाटाण्याचं बी पेरत होत्या. काकांनी घडलं ते सगळं सांगितलं. काकूंनी ते शांतपणे ऐकून घेतलं.

"अकरा वर्षांत कंबर धरून झाली, पुट्टी संपून झाली, पाऊस पडून झाला," त्या म्हणाल्या. "पाखरू तेवढं राहिलं होतं."

मग त्यांनी हाताची माती झटकली आणि स्वतः शिडीकडे निघाल्या. काकू जन्मात स्टुलापेक्षा उंच कशावर चढल्या नव्हत्या. काका खाली शिडी धरून उभे राहिले आणि वर बघत सावकाश, सावकाश म्हणत राहिले. काकू चढल्या आणि बराच वेळ वरच थांबल्या. उतरल्या तेव्हा त्यांचा आवाज पार बदललेला होता. कुणी आजारी असलेल्या घरात बोलावं तशा हळू आवाजात त्यांनी सांगितलं, की तीन आहेत, आणि तो निळा धागा त्यांच्याच स्वेटरचा आहे. जणू नात्यातलंच कुणी राहायला आलं होतं. शिडीला आता कुणी हात लावायचा नाही, असंही त्यांनी जाहीर केलं.

काकांनी सुचवून बघितलं, की डबा अलगद काढून पलीकडच्या झाडाला टांगू. काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं.

"बाळंतिणीची खाट रस्त्यात नेऊन ठेवायला निघालात तुम्ही."

झालं. ज्या माणसाला अकरा वर्षं ढकलून शिडीवर चढवावं लागत होतं, त्याला आता हौसेनं चढायचं होतं, तर चढता येत नव्हतं. काकांनी मंगळवारी छोटं स्टूल घेऊन खालचा भाग तरी उरकायचा प्रयत्न केला. रंगाचा डबा उघडताच पाखरू वासानं अस्वस्थ होऊन फडफडलं, आणि काकूंनी येऊन डब्याचं झाकण लावलं. शिडीचे पाय पुढच्या दाराच्या पायरीवर होते, त्यामुळे दार उघडलं की शिडी थरथरायची. म्हणून दाराला आतून कडी लागली. तेव्हापासून सगळं येणंजाणं मागच्या दारानं, म्हणजे कुंपणाच्या कडेनं, मुळ्याच्या वाफ्यांमधल्या वीतभर वाटेवरून सुरू झालं. पोस्टमन एकदा त्या वाटेनं आला आणि दुसऱ्या दिवसापासून पत्रं फाटकातच ठेवून जाऊ लागला.

कुंपणापलीकडे हेडबाई राहायच्या. गावातल्या शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त होऊन त्यांना बारा वर्षं झाली होती, पण गावानं ते अजून मनावर घेतलेलं नव्हतं. काका स्वतः त्यांच्या वर्गात होते, आणि अजूनही त्यांच्यासमोर हात मागे बांधून उभे राहायचे. हेडबाईंकडे एक धिप्पाड बोका होता. त्याचं नाव साहेब. मंगळवारी दुपारी साहेब शिडीच्या पायथ्याशी येऊन बसला आणि कचेरीची तपासणी करायला आल्यासारखा एकेक पायरी न्याहाळू लागला.

काकांनी त्याला हाकललं. तो पाच मिनिटांनी परत आला. गुलाबाच्या काटेरी फांद्या शिडीभोवती बांधून झाल्या. साहेब त्यांच्यावरून डौलात उडी मारून गेला. अखेर बुधवारी सकाळी काकांना आपल्या धंद्यातलाच एक उपाय सुचला. मांजराला ओल्यात पाय ठेवणं खपत नाही, तेव्हा खालच्या पायऱ्यांना पिवळ्या रंगाचा एक दाट हात देऊन ठेवावा. पाखराला वास जाऊ नये इतका खाली, आणि लवकर वाळू नये इतका दाट. त्यांनी तसं केलं आणि समाधानानं चहा प्यायला गेले.

उपाय लागू पडला. साहेबानं तिसऱ्या पायरीपर्यंत जाऊन बघितलं, त्याला ते मुळीच आवडलं नाही, आणि तो तडक घरी गेला. जाताना हेडबाईंनी गवतावर वाळत घातलेल्या दोन पांढऱ्या चादरींवरून गेला. मग खिडकीतून आत गेला, टेबलावरच्या कापडावरून गेला आणि विचार करायला पलंगावर बसला.

हेडबाई चादर हातावर घडी घालून घेऊन आल्या आणि ती त्यांनी काकांसमोर उलगडली. चादरीवर एका रेषेत, अतिशय सुरेख, पिवळी पावलं उमटली होती.

"हे काय आहे?"

"लोणी रंग, बाई," काका हात मागे बांधून म्हणाले. "पहिला हात."

याच्यापुढे काय झालं असतं ते सांगता येत नाही, पण काकू मधे आल्या, त्यांनी ओठांवर बोट ठेवलं आणि दुसऱ्या हातानं वर दाखवलं. डब्याच्या काठावरून एक करडं डोकं आणि दोन चमकदार डोळे खाली बघत होते. हेडबाई थबकल्या. घरी गेल्या आणि दुर्बीण घेऊन आल्या. पाव तास त्यांनी दुर्बीण खाली केली नाही. केली तेव्हा एवढंच म्हणाल्या, की साहेब उद्यापासून घरातच राहील. आणि सगळा कारभार त्यांनी आपल्या हातात घेतला.

संध्याकाळपर्यंत फाटकावर 'शांतता राखा' अशी वळणदार अक्षरातली पाटी लागली. राखणीचं वेळापत्रक तयार झालं. सकाळी हेडबाई, दुपारी काकू घरातली कामं आटपेपर्यंत काका, मग काकू. रेडिओ बंद झाला. काकांना काम करताना शीळ घालायची तीस वर्षांची सवय होती, तीही बंद झाली. बिचारे काका रोज दुपारी फाटकाजवळ उलट्या बादलीवर गप्प बसून शिडीच्या टोकाकडे बघत राहायचे.

आणि पाखराकडे बघताबघता त्यांचं भिंतीकडेही लक्ष जाऊ लागलं. ज्या घरात ते पंचवीस वर्षं राहत होते, त्याच्याकडे असं समोर बसून त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. खिडकीच्या वर एक भेग होती. कोपऱ्यात पुट्टीचा फुगवटा होता, आणि तो कुणा भलत्याच कारागिराचा नव्हता, त्यांचा स्वतःचाच होता. दुसऱ्याच्या घरी कुणी असं काम केलं असतं, तर काका चारचौघांत हसले असते. गुरुवारी ते अस्वस्थ झाले. शुक्रवारी खिशातून पेन्सिल काढून काय काय करायचं त्याची टिपणं करू लागले.

शुक्रवारीच लेकीचा फोन आला. भिंत झाली ना, असं तिनं विचारलं.

"अर्धी झालीय," काकू म्हणाल्या.

"कुठली अर्धी?"

"डावी. तिरकं उभं राहिलं तर तेवढीच दिसते."

लेकीनं सासूबाई किती टापटिपीच्या आहेत ते तिसऱ्यांदा सांगितलं.

शनिवारी पाऊस पुन्हा भुरभुरला आणि मागच्या वाटेचा चिखल झाला. काकांनी आपल्या कामाच्या लांब फळ्या त्यावर टाकल्या. रविवारी दहा वाजता पाहुणे आले. व्याही उंचेपुरे, आडव्या अंगाचे होते. विहीणबाई बारीक, नीटनेटक्या, पायांत पांढरेशुभ्र बूट. लेक मागून खुणा करत होती, पण ते दोघं सरळ पुढच्या दाराकडे गेले आणि व्याह्यांनी दार ठोठावायला हात उचलला.

"हात खाली," कुंपणामागून कुजबुजता पण करडा आवाज आला.

व्याह्यांनी हात खाली घेतला. नुसता घेतला नाही, मागे बांधला. मग सगळी वरात एकामागून एक फळ्यांवरून निघाली. फळीच्या टोकावर व्याह्यांचं वजन पडलं, तशी दुसऱ्या टोकाला विहीणबाई उचलल्या गेल्या, क्षणभर डुलल्या आणि एक पाय घोट्यापर्यंत मुळ्याच्या वाफ्यात घालून उभ्या राहिल्या. लेकीचा चेहरा काकांना बघवेना. लग्न मोडलं तर ते एका डब्यापायी मोडेल, आणि तो डबा आपणच तिथे टांगलेला आहे, एवढंच त्यांच्या डोक्यात घोळत होतं.

स्वयंपाकघरात विहीणबाईंचा पाय कोमट पाण्याच्या घमेल्यात ठेवला गेला. काकूंनी सगळी हकीकत पहिल्यापासून सांगितली. अकरा वर्षंही लपवली नाहीत. विहीणबाईंनी ती न हसता ऐकली. मग त्या आपल्या नवऱ्याकडे वळल्या. हे व्याही त्यांच्या गावातले सगळ्यात नावाजलेले प्लंबर होते.

"आपल्या मोरीतला नळ किती वर्षं ठिबकतोय, सांगा जरा."

व्याही छताकडे बघू लागले.

"नऊ," विहीणबाई काकूंना म्हणाल्या. "आधी खाली वाटी ठेवायचे. आता बादली ठेवते. यांना विचारलं की म्हणतात, करतो."

"आमचे म्हणतात, देतो."

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या, आणि मग हसू लागल्या. हेडबाईंनी खिडकीतून शुक् केलं, तरी थांबेनात. पाणी घमेल्याबाहेर सांडलं. व्याह्यांना तिथे बसवेना. काही काम असावं म्हणून ते उठले, काकूंचा घट्ट झालेला नळ त्यांनी दोनदा फिरवून बघितला आणि खिशातून पाना काढून, न सांगता, चांगल्या कपड्यांनिशी दुरुस्त करायला बसले. काका लगेच त्यांच्या मदतीला गेले, आणि बोलताबोलता म्हणून गेले, की तुमच्याकडे काही रंगवायचं असलं तर नुसता निरोप द्या, मी दुसऱ्या दिवशी हजर. त्यावर दोघी विहिणी पुन्हा हसायला लागल्या.

नंतर विहीणबाईंनी काकूंच्या चपला घातल्या, दुर्बीण मागून घेतली आणि गवतावर बसून तासभर डब्याकडे बघितलं. चहा तिथेच न्यावा लागला. निघताना त्यांनी लेकीला जवळ घेतलं आणि सांगितलं, की पिल्लं बाहेर आली की लगेच कळव. लेकीच्या जिवात जीव आला.

पिल्लं बुधवारी अंड्यांतून बाहेर आली. त्यानंतरचे दिवस धावपळीत गेले, म्हणजे पाखरांच्या. माणसं बसूनच होती. एका कोवळ्या उन्हाच्या सकाळी तिन्ही पिल्लं डब्याच्या काठावरून एकेक करून उडाली, आणि हेडबाईंनी तिघांच्या वेळा वहीत लिहून ठेवल्या. दुसऱ्या दिवशी काका भिंतीला भिडले. भेग भरली, फुगवटा खरवडून काढला, घासपेपर मारला, प्रायमर दिला आणि चार दिवसांत उजवा भाग दोन हात देऊन पुरा केला. काकू फाटकाबाहेर जाऊन उभ्या राहिल्या. सगळं घर एका रंगात उन्हात उभं होतं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

काकाही शेजारी येऊन उभे राहिले. त्यांनी डोळे बारीक केले, मान डावीकडे कलवली, मग उजवीकडे. डावा भाग आधी रंगवलेला; त्यानं महिनाभराचं ऊन-पाऊस खाल्लं होतं. तो उजव्यापेक्षा केसभर फिका झाला होता. काकूंना फरक दिसेना. हेडबाईंना दुर्बिणीतूनही दिसेना.

दुसऱ्या दिवशी उजाडताउजाडता खरखर आवाजानं काकूंना जाग आली. बाहेर येऊन बघतात तर शिडी डाव्या बाजूला आणि काका शिडीवर, शीळ घालत.

"अहो, उतरा आता खाली," त्या म्हणाल्या. "कुणाला दिसतंय ते?"

"मला दिसतंय ना," काका वरून म्हणाले. "एकच हात देतो."

काकूंनी चहाचा कप पायरीवर ठेवला आणि खाली उभं राहून शिडी धरली. डावी बाजू नवीन झाली की मग उजवी जुनी दिसायला लागणार, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. पण त्या काही बोलल्या नाहीत.