एक ‘क’ जास्तीचा

“पाटीचं माझ्यावर सोडा. करून दाखवतो!” असं जावईबापू म्हणाले, तेव्हाच सासूबाईंनी डोळे मिटून घेतले होते.

जावईबापू शाळेत इंग्रजी शिकवत. शब्द दिसला की त्याचं कूळ आणि मूळ खणून काढल्याशिवाय त्यांना घास उतरत नसे. सासरेबुवा सुतार. तीस वर्षं लोकांच्या दारी जाऊन रंधा मारल्यावर आता कारखान्याच्या पुढच्या अंगाला स्वतःचं शोरूम उघडत होते. लग्नाला सहा वर्षं झाली, पण जावयाने सासऱ्यासाठी एक खिळा म्हणून ठोकला नव्हता. एकदा प्रयत्न केला, तर अंगठा ठोकला. “या वेळी तरी बाबांसमोर काहीतरी धड करा,” असं बायकोने बजावलं होतं.

“शोरूम नको, ‘शो कक्ष’ लिहू,” जावईबापू म्हणाले. “आणि बाबा, हा ‘शो’ मोठा गमतीचा शब्द आहे! मुळात त्याचा अर्थ दाखवणे नव्हताच. पाहणे असा होता! सात-आठशे वर्षांपूर्वी गाडी उलटी फिरली आणि पाहणाऱ्याचा दाखवणारा झाला.”

“मला अर्थ नको, पाटी हवी.”

जावईबापूंनी पेंटरला फोन लावला.

“लिहा. शो कक्ष.”

“शोक काय?”

“शोक नव्हे हो! शो! पुढे क. कमळातला क!”

“शो, पुढे कमळातला क. आणि मग कक्ष?”

“बरोब्बर!”

“लावायच्या आधी एकदा येऊन पाहून जा, मास्तर.”

“पाहायचं काय त्यात? मी सांगितलंय ना!”

रविवारी सकाळी पेंटरने पाटी लावली आणि तो निघून गेला. सासरेबुवा मागच्या दाराने आत आले, नवा सदरा झटकला आणि बरोब्बर पाटीखाली हात जोडून उभे राहिले. पाटी त्यांच्या डोक्यावर, तेव्हा ती त्यांना सोडून सगळ्या रस्त्याला दिसत होती.

पहिला आला शेजारचा शिंपी. त्याने सासरेबुवांचे दोन्ही हात हातात घेतले.

“अचानकच कळलं हो!”

“गुपचूपच ठेवलं होतं,” सासरेबुवा खूश होऊन म्हणाले.

“वय काय होतं?”

“पन्नास वर्षांचा जुना साग आहे! अजून पन्नास काढेल.”

शिंप्याला वाटलं, बिचाऱ्याच्या डोक्यावर परिणाम झालाय. त्याने आवाज आणखी खाली आणला. “नेणार किती वाजता?”

“टेम्पो उभाच आहे. तुम्ही म्हणाल तेव्हा. घरपोच!”

शिंपी तीन पावलं मागे सरला. तोवर आणखी सात-आठजण आले. सगळे दबक्या आवाजात बोलत होते. सासरेबुवा त्यांना आत नेऊन “बसा ना, खुर्च्या बसायलाच आहेत!” म्हणून आग्रह करत होते, पण अशा वेळी बसणार कोण?

जावईबापू पेढ्यांचा पुडा घेऊन कोपऱ्यावर वळले आणि त्यांनी पाटी वाचली. निळ्यावर पांढऱ्या, हातभर अक्षरांत लिहिलं होतं: ‘शोककक्ष’. खाली बारीक अक्षरांत: ‘सहकुटुंब या. एकदा याल तर पुन्हा पुन्हा याल.’

ते धावत आत घुसले. विकायला मांडलेल्या एका लांबलचक सागवानी पेटीभोवती माणसं माना खाली घालून उभी होती. शिंपी चक्क डोळे पुसत होता. आणि जावयाच्या हातात पेढे!

“कोणी गेलेलं नाही!” जावईबापू ओरडले. “एक क जास्त पडलाय!”

सासरेबुवा बाहेर गेले. पाटीकडे बघत एकेक अक्षर लावून वाचलं. आत शिंप्याला आपल्या रडण्याची इतकी लाज वाटली, की त्याने एक स्टूल विकत घेतलं. पहिली विक्री ती.

सासरेबुवा परत आत आले. मग शांतपणे म्हणाले, “जावईबापू, त्या शोचा मुळातला अर्थ काय म्हणालात?”

“पाहणे,” जावईबापू पुटपुटले.

“मग आठशे वर्षांपूर्वीचाच एखादा जावई बघायला हवा होता. पाटी लावायच्या आधी पाहिली तरी असती!”

जावईबापू शिडी आणायला गेले.