हत्ती दाखवू नये

चाळीस वर्षं लहान मुलांना शिकवलं, पण एकदाही चिडलो नाही! तेव्हा चित्रांचं पुस्तक लिहिणं म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ!

घरात लपलेल्या हत्तीची गोष्ट लिहिली. पानं बारा, शब्द फक्त आठशे! चित्रं माझी भाची काढणार होती. पोरीच्या बोटांत जादू आहे, पण कानांत कापसाचे बोळे! म्हणून पानापानाच्या सूचना मी वेगळ्या कागदावर लिहून दिल्या.

"मामा, सगळं तुम्हीच सांगितलंत तर मी काय रंगवू?"

"भिंती!" मी प्रेमाने म्हणालो.

छापखान्यालाही माहीत असावं, म्हणून गोष्टीसोबत सूचनांची एक प्रत तिकडे धाडली. चित्रं भाचीने परस्पर नेऊन दिली.

छापील प्रती आल्या त्या थेट वाचनालयात, वाचनाच्या दिवशीच. सतरंजीवर तीस मुलं आणि मागे हाताची घडी घालून प्रकाशकबाई. मुलांना आवडलं तरच दुसरं पुस्तक, असं त्यांनी बजावलं होतं. मी ऐटीत पहिलं पान उघडून वाचलं, "पडदा साधा निळा असावा. मागे कोणी नको."

मी पान पुन्हा पाहिलं. गोष्ट गायब, सूचना छापलेल्या!

"आजोबा, पडद्याखाली पाय आहेत!" पुढची मुलगी ओरडली.

खरंच होते. चार. नखांसकट!

आता थांबायची सोय नव्हती. पान उलटलं. "हत्ती दाखवू नये. तो शब्दांत आला आहे."

"कपाटातून सोंड आलीय!"

"पुन्हा सांगतो, हत्ती दाखवू नये!" मी पुढचं पान वाचलं.

"पलंगाखाली बघा! पलंगच वर उचललाय त्याने!"

मुलं हसून लोळायला लागली. माझा आवाज चढत गेला. मी जितका चिडे, तितका पुढच्या पानावर हत्ती मोठा!

शेवटची सूचना होती, "तात्पर्यासाठी अर्धं पान मोकळं ठेवावं." त्या पानावर हत्ती झोपला होता, या कडेपासून त्या कडेपर्यंत. पापण्या मिटलेल्या, अंगावर तोच निळा पडदा पांघरलेला. तीस मुलं गप्प. आठशे शब्दांत मला असा एकही हत्ती झोपवता आला नव्हता.

एक चिमुरडी कुजबुजली, "आजोबा, पुस्तक हळू मिटा हं. उठेल तो."

बाहेर येऊन छापखान्याला फोन लावला. "अहो, माझी गोष्ट कुठाय?"

"ते लांबलचक होतं ती गोष्ट होय? मला वाटलं, पालकांसाठी पत्रक असेल!"

तेवढ्यात प्रकाशकबाई डोळे पुसत आल्या. हसून हसून पाणी आलं होतं. "दुसरं कधी देताय?"

"या वेळी दोनशे शब्दांत बसवतो," मी नम्रपणे म्हणालो.

"मामा, शब्दांचं राहू द्या," मागून आलेली भाची म्हणाली. "तुम्ही फक्त चिडा. बाकी मी बघते."

सध्या घरात चिडण्याचा सराव करतोय. बायको म्हणते, सरावाची काही गरज नाही.