पापणीनं निवडलेली खोळ

"कापड पापणीला लावून बघायचं. बोटं खोटं बोलतात, पापणी बोलत नाही. आणि खोळ घालताना रजई हातात धरून आपण आत शिरायचं. बाहेरून खोळ घालणारी बाई जन्मभर कोपरेच शोधत बसते!"

हे सासूबाईंचं सांगणं. सासूबाई गेल्या थंडीत गेल्या, सांगणं मात्र कुठंच गेलं नाही. घरात सगळे जिला धाकटी म्हणत, त्या धाकट्या सुनेच्या कानात ते अगदी जागच्या जागी होतं. जाताना सासूबाईंनी तिचं मनगट घट्ट धरलं होतं. "ह्यांना थंडी वाजू देऊ नकोस. ह्यांना पलंगावर झोपव."

धाकटीनं हो म्हटलं. हो म्हणायला काय जातं!

पण बायको गेली त्या दिवसापासून मामंजी पलंगावर आडवे झालेच नव्हते. बैठकीतल्या खुर्चीत बसल्या बसल्याच डोळा लावायचे. पायांना सूज आली. डॉक्टर रागावले, मुलगा रागावला, शेजाऱ्यांनीही रागावून घेतलं. मामंजी सगळ्यांचं ऐकून घ्यायचे आणि खुर्चीतच बसायचे. त्यांच्या खोलीचे पडदे बंद, पलंगावर सासूबाईंची जुनी रजई घडी घालून ठेवलेली. धाकटी केर काढायला गेली की तिला वाटायचं, घडी कालच्यापेक्षा इंचभर सरकलीय. मग ती देवाचं नाव घेत घेत केर दारातूनच परत ओढायची.

थंडी पुन्हा तोंडावर आली, तशी माहेरपणाला आलेल्या वन्सं म्हणाल्या, "धाकटे, जुन्या खोळीच्या चिंध्या झाल्यात. नवी घातली तर बाबांना पलंग आपला वाटेल. चल दुकानात."

"कापड मीच निवडणार," धाकटी म्हणाली. एरवी मुंगीला लाजवील असा तिचा आवाज, पण कापडाच्या बाबतीत नाही. "सासूबाईंनी शिकवलंय मला. एका पापणीत काम!"

अडचण एवढीच, की धाकटीचं रोजचं मौन असायचं. दुपारचं जेवण झालं की तोंड बंद, ते दिवेलागणीला देवापुढं दिवा लागेपर्यंत. आणि वन्संना दुपारची झोप झाल्याशिवाय चप्पल सापडत नसे. म्हणजे निघायचं मौनातच.

"बरंच झालं," वन्सं म्हणाल्या. "बोलायचं काम मी करते."

त्यांनी ते काम इतकं मन लावून केलं, की दुकानदारानं पहिल्या धडाक्यालाच जांभळं सॅटिन काढलं. त्यावर बशीएवढाले गुलाब! "बघ कसं झुळझुळतंय!" वन्सं हरखल्या. धाकटीनं मान हलवून नाही म्हटलं. असल्या सॅटिनवर झोपलेले मामंजी सकाळी घसरत घसरत थेट चौकात सापडले असते. मग लिनन आलं, ते पापणीला पापडासारखं लागलं. मग एक चकचकीत मिश्र कापड आलं, ते हलवलं की कुणी कानाशी कागद चुरगाळतंय असं वाटे.

शेवटी अगदी खालच्या फळीवरून पांढरं सुती फ्लॅनेल निघालं. धाकटीनं ते चेहऱ्यावर घेतलं, डोळे मिटले आणि तशीच उभी राहिली. कापडाला आवाजच नव्हता! नुसता आवाज नव्हता असं नाही, त्याच्या आत शिरल्यावर दुकानाचाही आवाज थांबला. वन्संची बडबड, रस्त्यावरचे हॉर्न, सगळं कुठंतरी लांब गेलं. आणि त्या पांढऱ्या शांततेत, अगदी पापणीपाशी, कुणीतरी हळूच श्वास सोडला.

तो आपलाच असणार, असं धाकटीनं ठरवलं. काही गोष्टी ठरवूनच टाकाव्या लागतात.

कापडाबाहेर दुकानदाराच्या हातातली कात्री खाली पडली होती. "अहो ताई, ह्यांना काय होतंय?"

"काही नाही हो. मौन आहे तिचं."

"मौन तोंडाचं असतं ना? मग डोळ्यांवर का घेतलंय?" त्यानं घाम पुसला. "राग मानू नका. एक आजी यायच्या इथं. अश्शाच तोंडावर कापड घेऊन उभ्या राहायच्या. मग आतून आवाज यायचा, 'हे नको!' "

"आमची आईच ती!"

"असं होय! बऱ्या आहेत ना?"

"गेली की. मागच्या थंडीत."

दुकानदारानं धाकटीकडं पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर अजून कापड होतं. त्यानं घासाघीस न करता त्याच कापडाच्या तयार खोळींची जोडी बांधून दिली आणि दोघींना दारापर्यंत पोचवायला आला. मान राखायला नव्हे. ह्या खरंच बाहेर पडल्या का, ते बघायला.

घरी येईतो आभाळ भरून आलं होतं. मामंजी खुर्चीत पेंगत होते. वन्सं चहा टाकायला गेल्या. हीच वेळ, असं मनाशी म्हणत धाकटीनं घरचा गाऊन चढवला आणि मामंजींच्या खोलीत शिरली. म्हाताऱ्यानं डोळे उघडावेत तर पलंग तयार, असा तिचा बेत. खोळीची चेन नवी, ताठर, अर्धीच उघडली. पण सासूबाईंची रीत म्हणजे रीत. रजईचे दोन कोपरे मुठीत धरून धाकटी खोळीत शिरली आणि हात वर करून पलंगाशी ताठ उभी राहिली. आता वरचे कोपरे बसवायचे, रजई सरकू नये म्हणून कोपऱ्याकोपऱ्याच्या आतल्या नाड्या बांधायच्या आणि खालून बाहेर यायचं. सोपं!

खाली वाकून बघते तर गाऊनची किनार चेनीत अडकलेली. ओढली, तर चेन वर सरकून आणखी मिटली!

तेवढ्यात दार करकरलं.

"आलीस?" मामंजींचा आवाज.

धाकटीच्या घशाशी शब्द आला आणि मौनावर आपटून परत गेला. देवापुढं अजून दिवा लागला नव्हता. इतक्या वर्षांत मोडलं नाही ते मौन आज खोळीत मोडायचं? ती हात वर करून तशीच उभी राहिली. बंद पडद्यांच्या त्या खोलीत पलंगाशेजारी पांढरंशुभ्र, बिनचेहऱ्याचं, माणसाएवढं काहीतरी उभं होतं, आणि थरथरत होतं.

"हात खाली घे," मामंजी म्हणाले. "डावा खांदा दुखेल तुझा."

हात खाली आले.

"अगं, ऐकलंस? पहिल्यांदा!" पलंग कुरकुरला, ते कडेला टेकले होते. "किती दिवस वाट बघितली. आडवा झालो की तुझ्या बाजूला हात जातो. गार लागतं. म्हणून मेली ती खुर्ची. आणि पहाटे पांघरूण घसरतं ना माझं? तू ओढून द्यायचीस. चार शिव्या द्यायचीस, पण ओढून द्यायचीस. येशील का पहाटे? तेवढ्यापुरती? शिव्या हव्या तर राहू दे."

आत धाकटीचे डोळे भरून आले. नाक पुसायची सोय नव्हती. बोलता येत नव्हतं, पण मान हलवायची नाही असं मौनाच्या नेमात कुठं होतं? तिनं मान डोलावली. खोळीनं मान डोलावली.

"मग मीही आजपासून पलंगावर. शब्द दिला."

आणि नेमक्या त्याच वेळी चहाचा ट्रे घेऊन वन्सं आल्या.

"आई गंऽऽ!"

"हो, आईच आहे," मामंजी शांतपणे म्हणाले. "ओरडू नकोस. बस."

ट्रे खाली आणि वन्संही खाली! तिथूनच त्यांनी हात जोडले. "आई, चुकलं माझं! तुझी हिरवी शाल मीच नेली. धाकटीला सांगू नकोस हं, ती अजून कपाटं उपसतेय!"

खोळ जागच्या जागी हलली.

"रागावलीस? बरं, एवढं सांग, सॅटिनच घ्यायला हवं होतं ना?"

खोळीनं इतक्या जोरात नकार दिला, की वन्सं "दिवा लावते, दिवा लावते!" करत देवघराकडं पळाल्या.

"मी चष्मा आणतो," मामंजी उठले. "नीट बघायचंय तुला. जाऊ नकोस."

धाकटीनं दात आवळले आणि गाऊनला हिसडा दिला. टर्रर्र! ती खोळीतून बाहेर पडली, रजई खोळीसकट कशीबशी पलंगावर पसरली आणि पडद्यामागं दडली. देवघरात दिवा लागला होता. आता बोलायला हरकत नव्हती. पण एक शब्द तोंडातून गेला असता तर मामंजी पुन्हा खुर्चीत गेले असते.

मामंजी चष्मा लावून आले. रिकाम्या खोलीकडं बघत उभे राहिले. मग रजईवरून हात फिरवला.

"गेली," ते म्हणाले. "पण अंथरूण घालून गेली."

आणि आडवे झाले. घटकाभरात घोरायलाही लागले. किती महिन्यांनी त्या पलंगानं घोरणं ऐकलं!

धाकटी पडद्यामागून निघाली. जाता जाता रजईची पायगत सारखी करायला वाकली आणि तिचा हात थबकला. खोळीच्या आत कोपऱ्याशी गाठ लागत होती. दुसऱ्या कोपऱ्याशीही. उशाकडचे दोन्ही कोपरे चाचपले, तिथंही गाठ. नाड्या बांधलेल्या, दुहेरी वेढ्याच्या, घट्ट. ती गाठ घरात एकाच बाईला यायची. आणि धाकटीनं तर एकही नाडी बांधली नव्हती.

तिनं हात जोडून कपाळाला लावले आणि मागच्या पावली बाहेर आली.

"धाकटे, होतीस कुठं तू?" बाहेर वन्सं लटपटत होत्या.

"का? झालं तरी काय?" धाकटी म्हणाली. मौन सुटल्यावरचा पहिलाच शब्द, आणि तोही लबाडीचा! त्यासाठी तिनं उद्याचं मौन तासभर वाढवून टाकलं.

जेवताना मामंजी प्रसन्न होते. "तुमची आई माझ्या बोलण्याला जन्मात कधी हो म्हणाली नाही," ते पोराला आणि लेकीला म्हणाले. "आज पहिल्या झटक्यात म्हणाली. मेल्यावर माणूस सुधारतं." मग सुनेकडं वळले. "तुला काय वाटतं, सूनबाई?"

सूनबाईंना एकदम ठसका लागला. मामंजींना कळलंय की नाही, ते त्यांच्या चेहऱ्यावरून देवालाही सांगता आलं नसतं.

पहाटे धाकटी उठली. जोडीतली दुसरी खोळ तिनं डोक्यावरून घेतली. मामंजी जागे असले तर शब्दाला शब्द जुळायला हवा. भिंत चाचपत, कपाटाला गुडघा आपटत आणि तो आवाज गिळत ती त्यांच्या दारापर्यंत आली. कापडाला आवाज नव्हता. घरालाही नव्हता.

आतून मामंजींचा झोपाळू आवाज आला. "बास गं, बास. झाकले पाय. किती ओढशील!"

धाकटी उंबऱ्याबाहेर थिजली. तिचा हात अजून दाराच्या कडीवर होता.

पण शब्द तिनंही दिला होता, आणि सासूबाईंना तर त्याच्याही आधी. शिवाय एका खोळीनं दुसऱ्या खोळीला काय म्हणून भ्यायचं! तिनं मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं, खोळ डोक्यावर नीट सारखी केली आणि हळूच दार लोटलं.