कॅथेड्रलातला कललेला खांब

"गाइड कशाला? बत्तीस वर्षं थापी चालवलीय मी," असं गवंडीबुवांनी तिकीट-खिडकीपाशीच जाहीर केलं. हे ऐकवायचं होतं सासऱ्यांना. सासऱ्यांना घरावर मजला चढवायचा होता आणि घरचा गवंडी जावई सोडून ते काम परक्याला द्यायचं त्यांच्या मनात होतं. दोन वर्षांपूर्वी बुवांनीच त्यांच्या कुंपणाची भिंत बांधून दिली होती, पण म्हाताऱ्याच्या तोंडून अजून एक बरा शब्द निघाला नव्हता. म्हणून तर हा सहलीचा घाट.

आत शिरताच लेक रंगीत काचा बघत राहिली, बायको बाकावर बसून पाय चोळू लागली आणि बुवांची नजर डावीकडच्या खांबावर अडकली.

"हा ओळंब्यात नाही."

"आज सुट्टी आहे ना?" बायको म्हणाली.

पण बुवांच्या खिशात एक वेळ रुमाल नसेल, ओळंबा असायचाच. लेकीला खुर्चीवर चढवून त्यांनी दोरी खांबाला टेकवून धरायला लावली, पितळी वजन खाली सोडलं आणि पायाशी बोटं लावली. चक्क चार बोटांचा फरक! बुवांचं पित्त खवळलं.

"हे बांधणाऱ्याला मी माझ्याकडे पाट्या उचलायलासुद्धा ठेवणार नाही."

गार्ड धावत आला. "साहेब, मुलीला आधी खाली उतरवा."

"मुलीचं काय घेऊन बसलात? खांब कललाय."

"हो, कललाय," गार्ड शांतपणे म्हणाला.

हा थंडपणा बुवांच्या डोक्यात गेला. "यांना ठाऊक आहे, तरी तिकिटं फाडतायत! बाहेर व्हा सगळे, खांब कललाय!"

एवढ्या उंच छताखाली तो आवाज घुमत राहिला. दोन शाळांच्या सहली आणि एक म्हाताऱ्यांचा जथा दाराकडे सुटला. बायको एका चपलेनिशी बाहेर पोचली. पाच मिनिटांत अख्खं कॅथेड्रल अंगणात उभं होतं.

व्यवस्थापक बाई तणतणत आल्या. "अहो, तीनशे वर्षं तो तसाच उभा आहे. लोक तोच बघायला येतात."

लेकीनं हळूच तिकीट उलटून दाखवलं. मागे त्याच खांबाचं चित्र होतं.

लोक हसू लागले, तसे बुवा आणखीच तापले. "तीनशे वर्षं झाली म्हणून चूक सरळ होते का? ओळंबा न लावता बांधणारा गवंडीच नव्हे. माझ्या कामात एक बोट फरक दाखवा, स्वतःच्या हातानं पाडून पुन्हा बांधून देईन, फुकट!"

सकाळपासून गप्प असलेले सासरे पुढे आले. "हे मात्र पटलं, जावईबापू. तो ओळंबा द्या बघू इकडे."

बुवांची छाती फुगली. मजला मिळालाच म्हणायचा. त्यांनी ओळंबा दोन्ही हातांनी पुढे केला.

सासऱ्यांनी तो नीट गुंडाळून खिशात ठेवला. "घरी गेल्यावर आधी आपली कुंपणाची भिंत बघू."

बुवा रिकामा खिसा चाचपत राहिले. ती भिंत बांधली, तेव्हा ओळंबा नेमका घरी राहिला होता.