पावसाला न विचारणारे दौलतभाऊ

पाऊस सुरू झाला की बाभुळगावची माणसं आडोसा शोधतात आणि दौलतभाऊ सायकल काढतात. डोक्यावर टोपी नाही, अंगात रेनकोट नाही. पण सायकलच्या सीटला प्लास्टिकची पिशवी मात्र घट्ट बांधलेली. याचं कारण मी एकदा विचारलं, तेव्हा माझ्या अकलेची कीव आल्यासारखं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "डोकं पुसता येते. शीट भिजली त दोन दिवस बुड ओलं राह्यते," ते म्हणाले आणि भर सरीत निघून गेले.

कुणी प्रेमानं सांगितलं, भाऊ, जरा ओसरू द्या, तर त्यांचं वाक्य ठरलेलं. "पाऊस काय मले इचारून येते? मंग मी त्याले इचारून कायले जाऊ?" आमच्या गल्लीतल्या पोरांना हे वाक्य इतकं पाठ झालं होतं की दौलतभाऊंनी तोंड उघडायच्या आत ती म्हणून मोकळी व्हायची.

ते आमच्या जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, फिटर होते. मी तिथेच काट्यावर, म्हणजे कापसाच्या गाड्या तोलायला. त्यामुळे मी त्यांचा काटेबाबू. हंगामात मशीनची रांग अशी गरजायची की शेजारच्याच्या कानात ओरडावं लागे. त्या गोंगाटात दौलतभाऊ सरकीच्या ढिगाला टेकून खुशाल घोरायचे. रांगेतलं एखादं मशीन बंद पडलं, की मात्र ताडकन उठून नेमके त्याच्याकडेच धावायचे. "आवाज करते त्याचं काई नाही. गप झालं त्याच्याकडं धावाचं," असं ते नव्या पोरांना सांगत. आम्हाला वाटायचं, झोपेचं समर्थन चाललं आहे.

पावसाळ्यात जिनिंग बंद असते. मग श्रावण लागला की दौलतभाऊंची डोंगरातली फेरी निघायची. यवतमाळ, आर्णी, माहूरचा घाट, तिथून उलटं फिरून पांढरकवडा, झरी, मुकुटबन आणि राळेगाववरून परत. मुकुटबनला त्यांच्या धाकट्या भावाचं घर. तिथं जायला एसटी आहे, सरळ रस्ता आहे, असं कुणी सुचवलं की म्हणायचे, "सरळ रस्त्यानं त पानीबी जात नाही."

या फेरीला ते दर वर्षी एक जोडीदार धरून नेत. एकदा पिठाच्या गिरणीवाला गेला, एकदा शिंपी गेला. गेलेला माणूस परत यायचा तो दौलतभाऊंच्या नावानं शंख करतच. शिंप्यानं तर भर चौकात सांगितलं की या माणसाबरोबर पुन्हा गेलो तर नाव बदलीन. तरी पुढच्या श्रावणात कुणीतरी सापडायचंच. यंदाचा बकरा कोण, यावर चहाच्या टपरीवर चर्चा व्हायची आणि त्यात मी सगळ्यात पुढे असायचो.

मग कापसाची ती वाईट वर्षं आली. जिनिंगला माल येईना. एका दिवाळीनंतर फाटक उघडलंच नाही, आणि मी घरी बसलो. आधी पेपर वाचायचो, मग नुसता हातात धरायचो, मग तोही सोडला. बायको काही विचारायची, मी 'हूं' म्हणायचो. त्या वर्षांत आमच्या जिल्ह्यात माणूस गप्प झाला की घरचे फवारणीच्या औषधाचा डबा लपवून ठेवायचे. हे मला माहीत होतं, पण ते दुसऱ्यांच्या घरांबद्दल आहे असं मी धरून चाललो होतो.

श्रावणातल्या एका सकाळी पाऊस नुसता कोसळत होता आणि दौलतभाऊ दारात उभे. माझी सायकल तेलपाणी करून अंगणात काढलेली, सीटला पिशवी बांधलेली. बायकोनं भाकरी आणि ठेचा आधीच बांधून ठेवलेला. म्हणजे दोघांचा कट होता. "चाल काटेबाबू," एवढंच ते म्हणाले. नाही म्हणायचाही मला कंटाळा आला होता, म्हणून गेलो.

यवतमाळपर्यंत त्यांनी माझ्या सायकल चालवण्याला नावं ठेवली. आर्णीपर्यंत माझ्या सासुरवाडीला. शाळेच्या व्हरांड्यात मुक्काम केला, तिथं माझ्या घोरण्यावर बोलले, आणि हे बोलणारा कोण, तर सरकीच्या ढिगाला टेकून घोरणारा. मी 'हूं' म्हणत राहिलो. माहूरच्या घाटात धुकं इतकं की पुढचं वळण दिसेना, आणि रस्त्यावरून लाल पाणी आमच्याकडे धावत येत होतं. मी उतरून सायकल ढकलू लागलो. दौलतभाऊ नागमोडी पायडल मारत वर दिसेनासे झाले. सुटलो, असं म्हणतोय तोच ते वळून खाली आले. एक टोमणा मारायचा राहिला होता म्हणून अर्धा घाट उतरून आलेला माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

"एक सांगू काय? तुहा काटा मालकाकडं झुकत होता."

माझी सायकल हातातून सुटली. आयुष्यभर काट्यावर बसलो, पण कुणा शेतकऱ्याचं एक बोंडही मी इकडचं तिकडं केलं नाही. मी ओरडायला लागलो. त्यांची अक्कल काढली, त्यांची फिटरगिरी काढली, त्यांच्या सीटची पिशवी काढून घाटात फेकून दिली. जिनिंगच्या मालकाला, बाजाराला, पावसाला, जे आठवेल त्याला शिव्या घातल्या. रडलोही, पण पावसात ते कुणाला कळणार. दौलतभाऊ सायकलला टेकून शांतपणे ऐकत होते. माझा दम संपल्यावर म्हणाले, "सरळ होता तुहा काटा. सारं गाव जानते." वर पोचल्यावर त्यांनी मला गरम भजी खाऊ घातली. पिशवी गेल्यामुळे पुढचा प्रवास त्यांनी ओल्या बुडानं केला आणि चकार शब्द काढला नाही.

मुकुटबनला पोचलो तेव्हा कळलं की भावाच्या घरात भाऊ नाही. त्याची बायको होती. तिचे भासरे, म्हणजे दौलतभाऊ, अंगणात साखळीला तेल देत होते, तेव्हा तिनं मला चहा देताना सांगितलं. तिचा नवरा असाच गप्प झाला होता. तिनं बाभुळगावला निरोप धाडला, येऊन बोला यांच्याशी. तेव्हाही असाच पाऊस लागून राहिला होता. "भासऱ्यायनं सांगून पाठवलं, पानी ओसरलं की येतो अन् चांगला भांडतो त्याच्याशी." पाणी ओसरलं नाही. ओसरायच्या आत मुकुटबनहून दुसरा निरोप गेला. "तवापासून ते थांबत नाहीत," ती म्हणाली. गिरणीवाला, शिंपी, मी, गप्प झालेले आम्ही सगळे तिच्याच ओट्यावर चहा पिऊन गेलो होतो.

पुढच्या उन्हाळ्यात जिनिंगची मशीनं भंगारात गेली. ट्रक भरताना दौलतभाऊ फाटकाशी उभे होते. श्रावण लागला. मी हौसेनं सायकल तयार ठेवली, पण दारात त्यांची घंटी वाजली नाही. पाऊस जोराचा होता. जरा ओसरला की जाऊन बघू, असं मनात आलं, आणि मुकुटबनचा तो ओटा आठवला. तसाच निघालो.

दौलतभाऊ एकटेच राहतात. खाटेवर बसून पाऊस बघत होते. मी हाक मारली. ते म्हणाले, "हूं."

मी त्यांच्या समोर उभा राहिलो, निथळत. म्हणालो, "दौलतभाऊ, तुमच्या हातचं एक मशीन त धड चाललं काय? म्हनूनच सारे भंगारात गेले."

त्यांची मान वळली.

"कोन म्हन्ते?"

"पाऊस थांबला की सांगतो."

ते उठले. उठताना खाट करकरली. कोपऱ्यातली प्लास्टिकची पिशवी त्यांनी माझ्याकडे बघत सीटला आवळली आणि सायकल बाहेर काढली. यवतमाळपर्यंत त्यांनी मला शिव्या दिल्या, आर्णीपर्यंत माझ्या सासुरवाडीला. मी एका शब्दानं उलट बोललो नाही. कित्येक महिन्यांत इतकं बरं ऐकलं नव्हतं. घाटाच्या पायथ्याशी त्यांनी एकाएकी ब्रेक मारला आणि माझ्या तोंडाकडे निरखून पाहिलं. आवाज खाली आला होता.

"काहून रे, गप काहून हायेस?"

मग मीही भांडायला सुरुवात केली.